बापदेवामागचं दार

चंद्राबाईच्या तोंडी लागू नये, हे आमच्या आळीत लहान पोरालाही ठाऊक होतं. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हापासून ती शेलारहून डोक्यावर टोपली घेऊन भिवंडीत आमच्या ब्राह्मण आळीत भाजी विकायला यायची. "भाजी घ्या हो" असं ती जन्मात म्हणाली नाही. टोपली ओट्यावर आपटायची आणि "उचला लवकर, मना येल न्हाय" असं बजावून पदराने वारा घेत बसायची. कुणी वालाच्या शेंगा एकेक करून निवडायला लागलं की तिचा आवाज चढायचा. "शेंग घेतंस कं जावय बगतंस?" गिऱ्हाईक गप्प व्हायचं. तरी शेंगा तिच्याकडूनच घेतल्या जायच्या, कारण त्या कोवळ्या असायच्या आणि मापात ती कधी लबाडी करत नसे.

पुढे शेलारच्या आजूबाजूची शेतं गेली आणि गाळे आले. आमच्याकडे गोदामाला गाळाच म्हणतात. चंद्राबाईचा मुळा जिथे पिकायचा, तिथे आता कुठल्या कुठल्या गावच्या लोकांनी फोनवरून मागवलेल्या वस्तू खोक्यांत भरल्या जातात. गाळा तिच्या मुलाने, धनेशने बांधला. माल एका ऑनलाइन कंपनीचा, आणि तो भरायला कामतघरच्या चाळींतून बायका आणायचं कंत्राटही धनेशचंच. घरापुढे पांढरी गाडी आली, गळ्यात जाड साखळी आली, नावामागे 'समाजसेवक' आलं. आईची टोपली मात्र सुटली नाही. परसातली भाजी घेऊन ती येतच राहिली. "आये, लोक काय बोलतील?" म्हणून धनेशने खूप डोकेफोड केली. "लोक भाजी घेतान नं गप जातान," असं म्हणून तिने चुंबळ डोक्यावर ठेवली.

हा धनेश माझा विद्यार्थी. मी त्याला मराठी शिकवलं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्या निबंधात शब्द लांबलचक असायचे आणि अर्थ शोधून सापडत नसे. 'परोपकार' या विषयावर त्याने दोन पानं लिहिली होती आणि त्यात एकही माणूस दुसऱ्याच्या उपयोगी पडलेला नव्हता. मी त्याला काठावर पास केलं. पुढे गावाने त्याला डोक्यावर घेतलं, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असावं.

आता त्या दाराचं सांगते. चंद्राबाईच्या शेताच्या बांधावर बापदेव होता. शेंदूर फासलेला दगड, दोन हातांत मावेल एवढा, बाजूला एक लहानसा त्रिशूळ. शेत राखणारा देव. शेत गेलं तरी देव तिथेच राहिला, कारण चंद्राबाई रोज सकाळी पाणी आणि फूल घेऊन त्याच्यापुढे हजर असायची. गाळ्याचा नकाशा काढणाऱ्याने कागदावर मागचं दार जिथे आखलं, ते नेमकं देवाच्या पाठीमागे आलं. नकाशात देव नव्हता. पत्र्याचं दार उघडून कुणी बाहेर पाऊल टाकलं की ते बापदेवाच्या पुढ्यात पडायचं. कामगार विडी ओढायला तिथेच येऊ लागले. एकाने तर त्रिशुळावर ओला पंचा वाळत घातला. चंद्राबाईने त्याला झाडूने असा हाणला की तो पंचा तिथेच टाकून पळाला. तिने त्या दिवशी अख्खा गाळा शिव्यांनी न्हाऊ घातला.

दुसऱ्याच दिवशी धनेशने त्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. कुणी तपासायला आलं आणि "हे दार बंद का?" असं विचारलं, की तो आवाज हळू करायचा. "साहेब, आयेची श्रद्धा आहे. म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं कसं?" साहेब देवाला हात जोडायचे, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचे आणि निघायचे. "चावी माझ्याजवळच असते, वेळ आली तर एका मिनिटात उघडतो," हे धनेशचं पुढचं वाक्य असायचं.

वेळ आली ती भर दुपारी. पुढच्या शटरजवळ फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकच्या गुंडाळ्या रचलेल्या होत्या, तिथे वायर जळाली आणि धूर झाला. आतल्या बायका साहजिकच मागच्या दाराकडे धावल्या. दाराला बाहेरून कुलूप. त्या हातांनी दार बडवू लागल्या. चंद्राबाई तेव्हा बाहेर, देवापुढचं निर्माल्य उचलत होती.

हे तिने मला माझ्या ओट्यावर बसून सांगितलं. त्या दिवशी टोपलीत भाजी होती, पण तिने ती आपटली नाही, हळूच ठेवली. तेव्हाच मला वाटलं, काहीतरी बिनसलंय.

"मना वाटला, पोरी मस्ती करतान," ती म्हणाली. "देवाच्या पाठीमागं धडाधडा ठोकतान. मी भायेरून आरडली. गप बसा गो रांडांनो, देव हाय इथं, ठोकू नका. दोनदा आरडली. मंग धूर दिसला."

"मग?"

"मंग काय! कुलपाला हात लावला. तो कं माज्या हातानं उघडतंय?"

ती टोपलीतली भाजी उगाच खालीवर करत बसली. मला ते बघवत नव्हतं.

बायका शेवटी वळून धुरातूनच पुढच्या शटरकडे पळाल्या आणि बाहेर पडल्या. जीव कुणाचा गेला नाही. सगळ्यांत शेवटी निघाली तुळजा. ही लातूरकडची बाई, नवऱ्यामागे दोन मुली घेऊन कामतघरला राहते. दार उघडेल या आशेने ती बाकीच्या वळल्यावरही बडवत राहिली होती. पळताना वितळलेलं प्लास्टिक तिच्या उजव्या हातावर पडलं आणि कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. गाळा आठवडाभरात रंगवून पुन्हा सुरू झाला. मागचं कुलूप होतं तिथेच होतं.

चंद्राबाईने त्याच संध्याकाळी मुलाला सांगितलं होतं, दार उघड. धनेश म्हणाला, "आये, देवाचा प्रश्न आहे. असा एकट्यानं निर्णय घेता येत नाही. चर्चा झाली पाहिजे."

चर्चा! आमच्या लोकांना आग विझवायला पाणी मिळणार नाही, पण चर्चेला मांडव लगेच मिळतो. सुरक्षा सप्ताह तोंडावर आलाच होता. धनेशने गाळ्याच्या आवारात मांडव घातला, त्यावर हात जोडलेला स्वतःचा फोटो लावला, खाली 'मानवी जीवन अमूल्य आहे' असं लिहिलं आणि वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय, 'श्रद्धा मोठी की सुरक्षा?' अध्यक्ष म्हणून आमच्याच आळीतले माधवराव, तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. आणि परीक्षक म्हणून मी. "बाई, तुमच्याशिवाय शोभा नाही," असं धनेश फोनवर म्हणाला. मी गेले, कारण चंद्राबाई काय करते ते मला बघायचं होतं.

मांडव घालताना खुर्च्यांच्या रांगा थेट मागच्या दाराला भिडवल्या होत्या. म्हणजे कुलूप निघालं असतं तरी दार उघडलं नसतं. हे एकाही वक्त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि सगळे त्या दाराकडे बोट दाखवून बोलत होते.

वक्ते तरी काय एकेक! कॉलेजातला एक मुलगा श्रद्धेच्या बाजूने बोलला आणि पुढची चिठ्ठी चुकून सुरक्षेची निघाली म्हणून तीच वाक्यं उलटी करून सुरक्षेच्या बाजूनेही बोलला. त्याला दोन्ही वेळा टाळ्या मिळाल्या. एका वकिलांनी 'जीव वाचवणं' आणि 'जीव धोक्यात न घालणं' यांत मूलभूत फरक आहे असं सांगितलं आणि तो फरक समजावता समजावता दोनदा पाणी प्यायले. एक बाई म्हणाल्या की आगीत देवामुळेच कुणी दगावलं नाही, तेव्हा उलट देवाचे आभार मानायला हवेत. माधवराव डोळे मिटून मान डोलवत होते. त्यांना झोप लागली होती की पटत होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मध्येच तुळजाचा सत्कार झाला. 'धैर्याबद्दल' म्हणे. पोटासाठी पुन्हा कामावर आलेल्या त्या बाईला खोके भरता भरता मंचावर बोलावलं, शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. उजव्या हाताला पट्टी असल्यामुळे तिला तो धरता येईना. नारळ घरंगळून माधवरावांच्या पायाशी गेला. फोटो काढणाऱ्याने तिला नारळ डाव्या हातात धरून पुन्हा हसायला सांगितलं. ती हसली. मला त्या फोटोवाल्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

चंद्राबाई मागे, देवाजवळ, गोणपाटावर बसली होती. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती उठली. "दार कवा उघडनार?" तिने विचारलं.

मांडवात हसू पसरलं. माधवरावांनी डोळे उघडले आणि माईक हातात घेतला. "आजी, प्रश्न दाराचा नाही. प्रश्न दृष्टिकोनाचा आहे."

"त्याला कुलूप हाय का?" चंद्राबाईने विचारलं.

माधवरावांनी हा प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि सुवर्णमध्य जाहीर केला. तो काय होता ते ऐका. मागच्या दारावर आतल्या बाजूने एक पाटी लावायची: 'बाहेर देवस्थान आहे. आपत्कालीन प्रसंगी कृपया पादत्राणे काढून शांतपणे बाहेर पडावे.' शेजारी चपला ठेवायला एक लोखंडी मांडणी करायची. आणि मांडणी येईपर्यंत, अर्थातच, कुलूप राहील. टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रद्धाही राहिली, सुरक्षाही राहिली, सगळे कसे खूश! आग लागल्यावर बायकांनी रांगेत उभं राहून चपला मांडणीवर लावाव्यात आणि मग शांतपणे जीव वाचवावा, हा ठराव माझ्या देखत, शिकलेल्या माणसांच्या मांडवात, एकमताने मंजूर झाला.

परतताना चंद्राबाई माझ्या बाजूने गेली. "मार्क दिलंस?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. "चांगला केलंस," ती म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे न बघता पुढे निघून गेली. तो टोमणा मला चांगलाच झोंबला.

पाटी दुसऱ्या दिवशी लागली. मांडणी आली नाही.

मग चंद्राबाईने स्वतःच तोड काढली. देवच हलवायचा. धनेश हादरला. त्याने लगेच काळूराम भगताला बोलावलं. देवाची जागा हलवायची तर आमच्याकडे कौल लावतात. ओल्या दगडावर फूल चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर देवाचा होकार, डावीकडे पडलं तर नकार. काळूरामने फूल लावलं. ते पडलं उजवीकडे. काळूरामने धनेशकडे पाहिलं आणि म्हणाला, "वारा आला." दुसरं फूल लावलं. तेही उजवीकडे पडलं. "फूल जड हाय," काळूराम म्हणाला. तिसरं एकदाचं डावीकडे पडलं आणि त्याच्या अंगात वारं भरलं. तो घुमत घुमत म्हणाला, "ही जागा सोडनार न्हाय! माज्यासमोरून चप्पल घालून जो जाईल त्याचा नायनाट करीन! जिथं मी, तिथं वाट बंद!" धनेशने सगळ्या गावासमोर लोटांगण घातलं आणि काळूरामला नारळ दिला.

चंद्राबाई हे सगळं मला सांगत होती तेव्हा टोपलीत भाजी नव्हती. रिकामी टोपली घेऊन ती सकाळीच माझ्या ओट्यावर आली होती.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"तू मार्क देतंस ना? आज दे."

आम्ही रिक्षाने शेलारला गेलो. वाटेत तिने मला बापदेवाची जुनी गोष्ट सांगितली. बापदेव आधी कामवारी नदीच्या काठावर होता. पूर आला, पाणी बांधावर चढलं, तेव्हा तिच्या सासूने त्याला टोपलीत घातलं आणि डोक्यावर घेऊन वर शेतात आणलं. "तवा कोन भगत आलता कौल लावाला?" चंद्राबाई म्हणाली. "पान्यात बुडतंय म्हनून सासूनं त्याला उचलला. त्याचा जीव वाचवाला तो हलला. आथा पोरींचा जीव वाचवाला हलाला नको?" हे बोलताना तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला ते अगदी सरळ दिसत होतं, आणि ऐकल्यावर मलाही.

देवापुढे तिने कपाळ टेकलं. "सासूबायनं उचललेला तुना, आथा मी उचलतंय. राग आला तर मना धर, पोरींना नको," असं म्हणाली, दगड टोपलीत घेतला, त्रिशूळ काखेत मारला आणि चालत जाऊन घरच्या परसातल्या आंब्याखाली दोन्ही ठेवले. पाणी घातलं, फूल वाहिलं. कुणाच्या अंगात आलं नाही, कुणाचा नायनाट झाला नाही. मग तिने मुलाला हाक मारली.

"देव हलला. आथा चावी दे."

धनेशचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो आईला बाजूला घेऊन गेला, पण मी कान देऊन होते.

"आये, असं नसतं. मागनं माल चोरीला जातो. एकेक खोका खिडकीतून, दारातून. कंपनी मना धरते. सगळे गाळेवाले मागचं दार बंदच ठेवतात."

"मंग देवाचं नाव क्याला घेतलंस?"

"लोकांना पटतं ते."

"नं माजं?"

इतकी वर्षं जो तो त्या कुलपासाठी या म्हातारीकडे बोट दाखवत होता. पंचा वाळत घालणाऱ्याला तिने हाणलं हे खरं, पण कुलूप घाल असं ती कधी म्हणालीच नव्हती. तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. आपल्या श्रद्धेचं भांडवल करून मुलगा खोके सांभाळतोय, हे तिला त्या क्षणी कळलं. मला वाटलं, ती आता त्याला फोडून काढणार. तिने एक शिवीसुद्धा दिली नाही. ती सरळ आंब्याखाली गेली, बापदेव पुन्हा टोपलीत घेतला, त्रिशूळ काखेत मारला आणि गाळ्याच्या पुढच्या बाजूला चालू लागली.

पुढचं शटर उघडं होतं आणि एक ट्रक मागे मागे येत होता. चंद्राबाई त्याच्या वाटेत उभी राहिली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. तिने टोपली उतरवली, शटरच्या बरोबर मध्यभागी बापदेव ठेवला, शेजारी त्रिशूळ टेकवला, कमरेच्या पिशवीतून शेंदूर काढून फासला आणि नारळ वाढवला. मग पदर खोचून बाजूला बसली.

"आये!" धनेश ओरडला. "गाडी लागतेय इथं!"

"जिथं देव तिथं वाट बंद," चंद्राबाई म्हणाली. "तुजा भगत बोल्ला. तू लोटांगन घातलंस."

"उचल त्याला!"

"तू उचल, न्हायतर मागचं दार उघड."

तो पुढे आला. आवारातले हमाल, आतल्या बायका, ट्रकवाले, रस्त्यावरचे रिकामटेकडे, सगळे बघत होते. त्याने पायातले बूट काढले, वाकला, हात पुढे केला आणि दगडापासून वीतभर अंतरावर थांबला. या देवाच्या नावाने त्याने बाहेरून कुलूप ठोकलं होतं, तेव्हा हात अडला नव्हता. आता मात्र अडला. तो सरळ झाला आणि ड्रायव्हरवर खेकसला, "बाजूसे ले!"

ड्रायव्हरने शेंदूर पाहिला, फुटलेला नारळ पाहिला आणि खाली उतरून हात जोडले. "ना मालिक. हम देवता के ऊपर से गाड़ी नहीं ले जाएँगे. आप दूसरा ड्राइवर देख लो."

मग धनेशने फोन सुरू केले. काळूराम आला. गर्दी बघून त्याला काय झालं ते कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर त्याने घाम पुसला. देवाने वाट बंद केली असं तोच सगळ्या गावासमोर बोलला होता. आता देव गाडीला वाट देतो असं सांगायचं तर त्याच्या भगतपणाचं काय होणार? "कौल लावाया लागंल," तो पुटपुटला. चंद्राबाईने त्याला म्हटलं, "लाव. आज वारा न्हाय." काळूराम घरी काहीतरी विसरल्याचं सांगून जो गेला, तो पुन्हा दिसला नाही. धनेशने माधवरावांनाही फोन लावला. त्यांनी फोनवर काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ सांगत होते. धनेशने मध्येच फोन बंद केला. माझ्या विद्यार्थ्याने केलेली ही पहिली समंजस गोष्ट.

ट्रकच्या मागे दुसरा ट्रक आला, त्याच्यामागे तिसरा. कंपनीच्या माणसांचे फोन येऊ लागले. एका जीवघेण्या दुपारी बायका आत दार बडवत होत्या तेव्हा ज्याला घाई नव्हती, तो आता आवारात येरझारा घालत होता. खोके अडकले होते ना!

"चावी आण," शेवटी तो एका माणसावर ओरडला.

चावी आणायला माणूस गेला आणि हात हलवत परत आला. मग धनेश स्वतः ऑफिसात गेला. खण उपसल्याचा आवाज बाहेर येत होता. तो आला तेव्हा त्याच्या हातात चाव्यांचा जुडगा होता. आम्ही सगळे मागच्या दाराकडे गेलो. त्याने एक चावी लावली. लागली नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. कुलूप आतून गंजून गेलं होतं. बहुधा त्याची चावी त्या जुडग्यात नव्हतीच. केव्हापासून नव्हती, कोण जाणे. "चावी माझ्याजवळच असते, एका मिनिटात उघडतो." हे वाक्य त्याने साहेबांना ऐकवलं होतं, मांडवात ऐकवलं होतं, मलाही ऐकवलं होतं. मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीने ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

चंद्राबाईने मुलाला खांद्याला धरून बाजूला केलं. बापदेव जिथे होता, तिथे नारळ फोडायचा दगड अजून पडून होता. तो तिने उचलला आणि कुलपावर घातला. तिसऱ्या घावाला कडीच निखळली. दार करकरत उघडलं.

आत बाकीच्या बायका गोळा झाल्या होत्या. दारावर आतल्या बाजूने ती नवी पाटी चमकत होती. कृपया पादत्राणे काढून, शांतपणे. तुळजा सगळ्यांत पुढे होती. तिने बाहेर पाहिलं, उंबऱ्याशी आली आणि सवयीने पायातल्या चपला काढून उभी राहिली.

"काय करतंस?" चंद्राबाई खेकसली.

तुळजा थबकली. मग ती दाराकडे वळली. उघड्या पत्र्यावर तिने पट्टी बांधलेल्या हाताची बोटं टेकवली आणि हळूच वाजवून पाहिलं. ताटासारखा हलका आवाज आला. त्या दिवशी या बाजूला ती होती, त्या बाजूला चंद्राबाई.

"आज्जी," ती म्हणाली, "येवढाच पत्रा हुता व्हय मधी?"

चंद्राबाई खाली वाकली आणि तिने तुळजाच्या चपला उचलून तिच्या पायांपुढे सरळ ठेवल्या.

"घाल," ती म्हणाली. "आथा पलत भायेर ये."